बोरी येथील ज्वालामुखी राख

बोरी येथील ज्वालामुखी राख हा पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीकाठच्या बोरी बुद्रुक गावाजवळील गाळात आढळलेला राखेचा थर आहे. प्राचीन काळी कल्याण बंदर व जुन्नर यांना जोडणाऱ्या नाणेघाटाच्या परिसरात कुकडीचा उगम होतो. या थरालगत हातकुऱ्हाडीसारखी अश्युलियन परंपरेची दगडी अवजारे मिळाल्याने त्याचे वय हा भारतीय प्रागितिहासातील वादाचा विषय ठरला.

राखेचा उगम

दख्खनचा बसाल्ट खडकही ज्वालामुखीजन्यच आहे; परंतु तो सुमारे ६.६ कोटी वर्षे जुना असून त्याची रासायनिक घडण वेगळी आहे. बोरीच्या राखेत सिलिकाचे प्रमाण अधिक आहे. तिच्यातील सूक्ष्म काचकणांच्या विश्लेषणावरून ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून आल्याचे मानले जाते.

कालनिर्णय

पोटॅशियम-४० या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या ऱ्हासातून आर्गॉन वायू तयार होतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे असल्याने साचलेल्या आर्गॉनवरून ज्वालामुखीजन्य पदार्थाचे वय काढता येते. रवी कोरीसेट्टर व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या पद्धतीने सुमारे १४ लाख वर्षे हे वय मांडले. शीला मिश्रा व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने सुमारे ६.७ लाख वर्षे हे वय प्रसिद्ध केले. रासायनिक साम्याच्या आधारे काही अभ्यासकांनी ही राख टोबाच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली, तर २०११ मधील एका अभ्यासाने ती सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जोडली. नदीने वाहून आणलेले जुन्या बसाल्टचे कण नमुन्यात मिसळल्यास वय प्रत्यक्षाहून अधिक दिसते, हे या पद्धतींमधील एक महत्त्वाचे अडचणीचे कारण आहे.

महत्त्व

राख पडली त्याच जागी टिकून असेल, तर तिच्याखालील थर तिच्याहून जुने ठरतात. ती पुराने वाहून येऊन पुन्हा साचली असेल, तर मात्र तो गाळ राखेहून बराच नवा असू शकतो. म्हणून राखेचे वय हेच अवजारांचे वय असे थेट म्हणता येत नाही.

भारतात निअँडरथल मानवाचे निर्विवाद जीवाश्म मिळालेले नाहीत. तथापि ७४,००० वर्षांपूर्वी युरोप व पश्चिम आशियात निअँडरथल वावरत होते. ८ लाख वर्षांपूर्वी त्यांचा उदयही झालेला नव्हता. त्यामुळे कुकडीकाठचे अवजारकर्ते निअँडरथलांचे समकालीन होते की त्यांच्या कितीतरी आधीचे, हे या थराच्या अचूक कालनिर्णयावर अवलंबून आहे.