उपरण्याखालचा हात

मागच्या महिन्यात ऑफिसात मुलाखतींची धावपळ चालू होती. लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून पास झालेला मुलगा समोर बसला होता. उत्तरं बरोबर देत होता, पण नजर टेबलावर. मध्येच अडखळायचा, आणि एसी चालू असताना कपाळाला घाम! मी फॉर्मवर 'आत्मविश्वास'च्या रकान्यात पाचपैकी दोन दिले आणि शेरा लिहिला, 'प्रोजेक्ट स्वतः केलेला वाटत नाही.'

नंतर सहज त्याचा कोड उघडला. सगळा त्याचाच होता. दीड वर्षाच्या नोंदी, चुका, रात्री दोन वाजता केलेल्या दुरुस्त्या, सगळं तारखेनिशी. शेरा खोडला, पण मनातून काही तो जाईना. अहो, मी स्वतः नांदेडचा. मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा लावून बोलायचं नाही, हे मलाही घरी शिकवलेलं. पुण्यात दहा-बारा वर्षं काढली आणि विसरलो?

मग तो शनिवार-रविवार चेहरे वाचण्याच्या इतिहासात घालवला. जे सापडलं ते इथे मांडतोय.

ही हौस फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाला विष घालणारा कसा ओळखावा याची यादीच आहे: तोंड सुकतं, बोलताना अडखळतो, घाम येतो, जांभया देतो, इकडेतिकडे बघतो, एका जागी थांबत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं. पण यादी नीट वाचली की लक्षात येतं, ही सगळी भीतीची लक्षणं आहेत. खोटं बोलणारा घाबरतो हे खरं, पण राजापुढे उभा केलेला निरपराध स्वयंपाकीसुद्धा घाबरणारच की! माझ्या समोरच्या मुलाचं याहून वेगळं काय झालं होतं?

या विषयाला विज्ञानाचं रूप द्यायचा मोठा प्रयत्न चार्ल्स डार्विननं केला. माणसाच्या भावना जगभर सारख्याच चेहऱ्यांनी व्यक्त होतात का, हा त्याचा प्रश्न. १८६७ मध्ये त्यानं १६ प्रश्नांची एक प्रश्नावली छापून देशोदेशीच्या मिशनऱ्यांना, अधिकाऱ्यांना, ओळखीच्यांना पाठवली. आश्चर्य वाटलं की डोळे आणि तोंड उघडतं का? लाज वाटली की चेहरा लाल होतो का? अपराधी, लबाड किंवा मत्सरी चेहरा ओळखता येतो का? त्याला ३६ जणांकडून उत्तरं आली आणि १८७२ मध्ये भावनांच्या अभिव्यक्तीवरचं त्याचं प्रसिद्ध पुस्तक निघालं.

हे पुस्तक चाळताना प्रस्तावनेतच थबकलो. उत्तरं पाठवणाऱ्यांत एर्स्किन नावाचे एक गृहस्थ आहेत, मुक्काम अहमदनगर, मुंबई इलाखा. म्हणजे आपलं नगर, आताचं अहिल्यानगर! डार्विन सांगतो की या गृहस्थांनी तिथल्या लोकांचे चेहरे काळजीपूर्वक न्याहाळले, पण खात्रीनं काही सांगणं त्यांना फार अवघड गेलं. कारण? युरोपियन माणसासमोर हे लोक आपल्या सगळ्या भावना सवयीनंच लपवतात. शेवटी त्यांनी कानडा जिल्ह्यातल्या एका न्यायाधीशाकडून आणि काही जाणत्या देशी गृहस्थांकडून माहिती गोळा करून पाठवली. त्यांच्याकडूनच डार्विनला कळलं की इकडे 'नाही' म्हणायचं तर पुष्कळदा मान झटक्यात मागे टाकून जिभेनं 'च्च' करतात. (आमच्या नांदेडला आजही रिक्षावाला असंच 'नाही' म्हणतो. डार्विनच्या पुस्तकात आपला 'च्च' बघून मला जाम आनंद झाला!)

आता बघा, डार्विन चाणाक्ष होता. चेहरा लपवला जातो, आणि तो कोणासमोर लपवला जातो, ही दोन्ही निरीक्षणं त्यानं छापली. पण दुसऱ्या निरीक्षणाचा अर्थ तिथे कोणी उलगडला नाही. साहेबाच्या लेखी ती कामातली अडचण होती. नगरच्या रयतेच्या लेखी ती काय असेल? समोर उभा असलेला माणूस सारा वसूल करणाऱ्या, जप्ती आणणाऱ्या सरकारचा. त्याच्यापुढे चेहऱ्यावरची माशी हलू न देणं ही लबाडी कशी म्हणायची? ते शहाणपण होतं. पुस्तक निघाल्यावर तीनच वर्षांनी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले, आणि ते लोण नगर जिल्ह्यातही पोचलं. मग सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. एवढं सगळं ज्या भागातल्या मनांत साचत होतं, तिथले चेहरे वाचता येत नाहीत असा अहवाल आदल्या दशकात लंडनला गेला होता.

नगरहून बीडमार्गे आमच्याकडे यायचं म्हणजे तेव्हा इंग्रजी मुलूख सोडून निजामाच्या राज्यात शिरायचं. पण चेहरा मख्ख ठेवायची कला इकडेही होती, आणि ती नुसती साहेबापुरती नव्हती. मी ती लहानपणी डोळ्यांनी बघितलीय.

लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळ्यांचा बाजार. लाल कंधारी आणि देवणी ही आमच्या भागातली नावाजलेली जनावरं. आबांबरोबर बैलजोडी घ्यायला गेलो होतो. भाव कोणी तोंडानं बोलतच नव्हतं. दलालानं आबांचा हात हातात घेतला, वर उपरणं टाकलं आणि आत बोटं दाबून आकडे चालले. एक बोट, दोन बोटं, अख्खी मूठ. शेकडा की हजार, ते त्या दोघांना ठाऊक. बाहेर दोघांचे चेहरे असे, की जणू पाऊसपाण्याच्या गप्पा चालल्यात. मी टक लावून बघत होतो. आबा घरी येताना म्हणाले, "तोंडाकडं काय बघायलास? बैलाचे दात बघावं, चाल बघावी. तोंडाला काय, ते पायजे तसं करता येतंय."

जनावरांच्या बाजारात हे ठीक होतं. घेणारा आणि विकणारा दोघंही उपरण्याच्या आत. कापड फक्त तिसऱ्यासाठी. पण हीच पद्धत मोंढ्यात आली की गंमत संपते. तिथे हात असायचे अडत्याचे आणि खरेदीदाराचे, आणि माल ज्याचा तो शेतकरी बाहेर उभा! वर्षभराच्या कमाईचा भाव कापडाखाली ठरतोय आणि त्याच्या हातात काय, तर दोघांचे चेहरे वाचणं. ते दोघं तर चेहरे लपवण्यात मुरलेले.

यावर उपाय काय निघाला? शेतकऱ्यांना चेहरे वाचायचं प्रशिक्षण नाही दिलं कोणी. लॉर्ड लिनलिथगोच्या अध्यक्षतेखालच्या शेती आयोगानं १९२८ च्या अहवालात बाजारातल्या गैरप्रकारांवर बोट ठेवलं, आणि कापडाखालचे सौदे त्यांतलेच होते. १९३० मध्ये हैदराबाद संस्थानानं शेतमाल बाजाराचा कायदा केला. पुढे बाजार समित्या आल्या आणि उघड लिलाव हा नियम झाला. भाव मोठ्यानं बोला, सगळ्यांना ऐकू द्या. आता मोंढ्यात सगळं आलबेल आहे असं कोणी म्हणणार नाही. पण दिशा बरोबर होती: कापड काढा.

आपल्या क्षेत्रात मात्र उलटं चाललंय असं मला वाटतं. १९७८ मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींची पद्धतशीर वर्गवारी केली. ती उपयोगी होती, पण तिच्यावर खोटं पकडायचे भलतेच इमले उभे राहिले. २००६ मध्ये बाँड आणि डीपावलो यांनी आधीचे शेकडो प्रयोग एकत्र तपासले. नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ओळखण्याचं माणसांचं सरासरी यश ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५०! अमेरिकेनं विमानतळांवर प्रवाशांचे हावभाव वाचणारे अधिकारी नेमून २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर घातले, आणि २०१३ मध्ये तिथल्याच सरकारी तपासनिसांनी सांगितलं की याला पुरेसा आधार नाही. व्हिडिओ मुलाखती घेणाऱ्या हायरव्ह्यू कंपनीनं २०२१ मध्ये चेहऱ्याचं विश्लेषण सोडत असल्याचं जाहीर केलं. युरोपीय संघात नोकरीच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी सॉफ्टवेअरनं भावना ओळखण्यावर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळून.

पण माझ्याकडे कुठलं सॉफ्टवेअर होतं? होता तो एक फॉर्म आणि एक रकाना. त्या खोलीत नगरचा साहेब मी होतो आणि मोंढ्यातलं कापडही माझ्याच हातात होतं. मुलगा बाहेर उभा, त्याचा भाव आत ठरतोय, आणि कशावर ठरतोय ते त्याला कधीच कळणार नाही.

असो. त्याला घेतलं, पुढच्या सोमवारी रुजू होतोय. 'आत्मविश्वास'चा रकाना फॉर्ममधून काढायला सुचवलंय; मॅनेजर 'बघू' म्हणाले. तोवर माझ्यापुरतं एवढं ठरवलंय, की गुण कशाचे आहेत ते उमेदवाराला आधी सांगायचं, आणि शेरा लिहायच्या आधी दात बघायचे.