चेऊलकर

मागच्या वर्षी ऑफिसात ग्राहकांची यादी साफ करत होतो. माझ्या प्रोग्रॅमने ‘चौलकर’ आणि ‘चेऊलकर’ ही एकाच आडनावाची दोन स्पेलिंगं ठरवली. एका क्लिकमध्ये दुसरं पुसलं गेलं असतं. हात थांबला तो ‘बूट पॉलिश’मधल्या (१९५४) जॉन चाचामुळे. त्या डेव्हिड यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. ही मंडळी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. नावं बायबलमधली, आडनावं गावाला ‘कर’ जोडून: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर. त्यामुळे नुसत्या आडनावावरून धर्म कळत नाही. पेणकर हिंदूही असतात, ज्यूही.

चेऊलकर हे चौलचे. अलिबागजवळचं हे प्राचीन बंदर. टॉलेमी त्याला सिमिला म्हणतो, जुन्या मराठी कागदांत ते चेऊल आहे. गावाचं पुढे चौल झालं. आडनावात मात्र जुना उच्चार टिकला.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. २०११च्या जनगणनेत भारतात ज्यू पाच हजारांहूनही कमी होते. आडनावांची मोजदाद जनगणना जाहीर करत नाही. म्हणजे हे आडनाव उरतं ते अशाच याद्यांमध्ये.

मी दोन्ही ओळी ठेवल्या आणि प्रोग्रॅममध्ये एक नियम वाढवला: ‘कर’ने संपणारी आडनावं विचारल्याशिवाय जोडायची नाहीत.