रग्बीची शाळा आणि पोरांचें राज्य

वर्गांतील दोन धटिंगण एखाद्या गरीब पोराला गांठून छळतात, तेव्हां 'पोरें वांड आहेत' एवढें म्हणून आपण वडील माणसें मोकळीं होतों. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचें क्रौर्य त्याच्या एकट्याच्या स्वभावांतून उपजतें, असें आम्हांस वाटत नाहीं. आणि या बाबतींत इंग्लंडांतील जुन्या निवासी शाळांचा इतिहास मोठा बोलका आहे.

थोरल्या मुलांची चाकरी धाकट्यांनीं करावी, अशी तेथें रूढी होती. तिला 'फॅगिंग' म्हणत. बूट पुसणें, पाव भाजणें, निरोप पोंचविणें, आणि चुकल्यास मार खाणें! शिक्षक मोजके, त्यामुळें रात्रीं वसतिगृहांत राज्य चाले तें पोरांचेंच. १७९७ मध्यें रग्बीच्या विद्यार्थ्यांनीं केलेलें बंड मोडण्यास सैनिक आणावे लागले. १८२५ मध्यें ईटन येथें फ्रान्सिस ॲशली-कूपर हा उमरावाचा मुलगा सोबत्याशीं झालेल्या मुष्टियुद्धांत मेला. भोंवतीं शाळासोबत्यांचें कडें होतें. त्याला मधून मधून ब्रँडी पाजली जात होती, पण झुंज कोणी थांबविली नाहीं. गिरण्यांतील मुलांसाठीं पुढें झगडणारा लॉर्ड शाफ्ट्सबरी हा याचाच वडील भाऊ.

१८२८ मध्यें डॉ. थॉमस आर्नोल्ड रग्बीचे मुख्याध्यापक झाले. त्यांनीं फॅगिंग मोडलें नाहीं. सर्वांत वरच्या वर्गाच्या हातीं अधिकार ठेवून जबाबदारीही त्याच्याच माथीं घातली. त्यांचा विद्यार्थी थॉमस ह्यूज यानें १८५७ मध्यें लिहिलेली 'टॉम ब्राउन'ची कादंबरी आम्ही कॉलेजांत वाचली, तेव्हां खलपुरुष फ्लॅशमन एवढाच ध्यानांत राहिला. आतां पुन्हां वाचतांना दोन गोष्टी खटकल्या. फ्लॅशमन माजतो तो वरच्या वर्गांतील अधिकारी मुलें दुबळीं निघतात म्हणून. आणि शाळेंतून त्याला काढतात तें मद्यपानाबद्दल, छळाबद्दल नव्हे! त्याची खोड मोडते ती टॉम व ईस्ट एकजुटीनें उलटतात तेव्हां, आणि तेंही डिग्ज नांवाचा थोरला मुलगा बघ्यांतून पुढें येऊन पंच होतो म्हणून.

शास्त्रज्ञ या बघ्यांकडे फार उशिरां वळले. नॉर्वेंत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनीं आत्महत्या केल्यावर सरकारला जाग आली, व १९८३ मध्यें देशभर मोहीम निघाली. १९९६ मध्यें फिनलंडच्या क्रिस्टीना साल्मिवल्ली यांनीं छळणारा व छळला जाणारा यांच्याखेरीज साथ देणारे, हंसून चेतविणारे, अलिप्त राहणारे आणि पाठीराखे अशा भूमिका वर्गांत वेगळ्या काढून दाखविल्या.

आमच्या लहानपणीं, सातवींत, एका अबोल मुलाचें दप्तर दोघांनीं शाळेच्या विहिरींत टाकलें होतें. त्या दोघांचीं नांवें आम्ही आजही रागानें घेतों. आम्ही स्वतः मात्र त्या वेळीं विहिरीच्या कांठावर उभे होतों, आणि हंसत होतों.