कोर्टातच, पण खटल्याशिवाय : तडजोडीने घटस्फोट कसा होतो?

घटस्फोटाचा अर्ज केला की लगेच साक्षीपुरावे सुरू होतात, असं नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 9 नुसार आधी तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायाधीशांचं कर्तव्यच आहे. म्हणून प्रकरण विवाह समुपदेशकाकडे किंवा मध्यस्थीला जातं. मध्यस्थ बऱ्याचदा दुसरे न्यायाधीश किंवा प्रशिक्षित वकील असतात. तिथलं बोलणं गोपनीय राहतं; तडजोड फिसकटली तरी ते खटल्यात वापरता येत नाही. आणि तडजोड म्हणजे 'परत नांदायला जा' असंच नव्हे. नीट वेगळं होणं हीसुद्धा तडजोडच.

अर्ज कुठे करायचा? लग्न झालं तिथे, शेवटचे एकत्र राहिलात तिथे, समोरचा जोडीदार राहतो तिथे, किंवा पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या राहते तिथे. लग्न लातूरला, नोकरी चाकणला आणि पत्नी माहेरी बीडला असेल, तर ती बीडलाही अर्ज करू शकते. तारखेला शिफ्ट बुडवून तिकडे जावं लागतं, हे आधीच लक्षात घ्या.

अटी ठरल्या की हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब खाली दोघांच्या संमतीचा अर्ज होतो. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पुढची सहा महिन्यांची थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं.

खरी मेख अटींच्या कागदात असते. मोशी-चिखलीकडचा फ्लॅट दोघांच्या नावावर कर्ज काढून घेतलेला असतो. 'हप्ते तो भरेल' असं तुम्ही लिहिलंत तरी बँकेवर ते बंधनकारक नाही. हप्ते थकले तर बँक दोघांनाही धरते. त्यामुळे कर्जातून नाव काढण्याबद्दल बँकेशी आधीच बोला. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, म्हणून एकरकमी पोटगी टप्प्यांत ठरवतात. मुलांच्या पोटगीचा हक्क आईला परस्पर सोडून देता येत नाही. 498अ चा गुन्हा दाखल असेल, तर तो सहमतीने उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावा लागतो. हे कागदात लिहिलेलं नसेल तर घटस्फोट होतो, पण तो गुन्हा मागे राहतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तर मोफत वकील मिळतोच, पण औद्योगिक कामगारालाही मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कंपनीतल्या फार थोड्यांना हे माहीत असतं.