नोकरी 'लागते' की आपल्याला 'हायर' करतात?

मंडळी, मराठीत मुलाला नोकरी 'लागते'. झाडाला फळ लागावं, माणसाला सवय लागावी, तशी. कोणी दिली, का दिली, हे त्या वाक्यात कुठेच नसतं. जातानाही ती 'सुटते' किंवा 'जाते'. इंग्रजीत मात्र आपल्याला कोणीतरी 'हायर' करतं. कर्ता कंपनी, क्रियापद तिचं, आणि आपण बिचारे कर्म! पिस्कॅटवे-एडिसनच्या आपल्या घरांमधून आता "त्याला हायर केलं" असं मराठीही सर्रास ऐकू येतं. हा फरक नुसता व्याकरणाचा नाही, त्यामागे बराच इतिहास आहे.

'हायर' हा शब्द जुन्या इंग्रजीइतका जुना. त्याचा मूळ अर्थ मोबदला देऊन एखादी वस्तू किंवा कोणाचे श्रम काही काळापुरते वापरायला घेणे. त्याचा डच भाऊबंद 'ह्यूरन' आजही घर भाड्याने घेण्यासाठी वापरतात. इंग्लंडमध्ये गाडी 'हायर' करतात, अमेरिकेत ती 'रेंट' करतात आणि 'हायर' माणसाला करतात. आपल्या पिढीने हा शब्द आधी पाहिला तो मुंबईच्या टॅक्सीच्या मीटरवर. 'फॉर हायर'ची पाटी वर असली की टॅक्सी रिकामी, खाली पाडली की भाडं सुरू. सायकलच्या दुकानावरही 'ऑन हायर' लिहिलेलं असे. भाड्याची गोष्ट ठरल्या वेळी परत करायची असते, हे त्या शब्दातच आलं.

आता आपले शब्द पाहा. 'नोकर' हा फारसीतून आला, पण त्याचं मूळ मंगोल भाषेतलं 'नोकोर', म्हणजे साथीदार. चंगीजखानाच्या भोवतालचे विश्वासू सोबती म्हणजे त्याचे नोकोर. 'चाकर' फारसी, 'पगार' पोर्तुगीज. एवढे पाहुणे शब्द सामावून घेणाऱ्या आपल्या भाषेने 'भाडोत्री' या शब्दाला मात्र कायम नाक मुरडलं. पैशासाठी लढणारा तो भाडोत्री, त्याला निष्ठा नसते, असं आपण धरून चाललो.

खरं तर पैसे घेऊन काम करण्याचा विचार आपल्याकडे फार बारकाईने झाला होता. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत, बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येई. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्याच्या वर पायरीपायरीने अधिकारी. महाराजांनी भर दिला तो सरकारी पागेवर, कारण ज्याचा घोडा त्याची हुकमत. शिलेदाराला मोबदला जास्त आणि मोकळीकही जास्त, पण घोडा मेला तर नुकसान त्याचंच. म्हणजे चाकरीत पगार किती याच्याइतकाच मोठा प्रश्न होता, घोडा कोणाचा?

आणि निष्ठेचं म्हणाल तर इब्राहिमखान गारदी आठवा. आधी निजामाच्या पदरी असलेला, कवायती पायदळाचा हा सरदार नंतर पेशव्यांच्या चाकरीत आला. आजच्या भाषेत अगदी 'हायर' केलेला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याचे गारदी शर्थीने लढले. तो स्वतः पकडला गेला आणि मारला गेला. पगार घेणारा माणूस जीव ओतून काम करत नाही, असं म्हणणाऱ्याला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

पुढे मुंबईत गिरण्या आल्या. कावसजी दावर यांनी १८५४ साली काढलेल्या कंपनीची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. रत्नागिरी, साताऱ्याकडून माणसं आली. पण त्यांना कामावर घेई तो मालक नव्हे, तर मुकादम किंवा जॉबर. गाववाला, नातेवाईक, खोलीतला सोबती अशा ओळखीतून काम मिळे. "माझ्या भावाला गिरणीत लावा" या वाक्यातलं 'लावणं' ते हेच. ज्यांना कायम जागा नसे ते 'बदली' कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहत. कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर परत खोलीवर. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यातल्या हजारो जणांना ते दार पुन्हा उघडलंच नाही. 'पर्मनंट' या शब्दाला मराठी घरात एवढी किंमत का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

हे सगळं आपल्या ओळखीचं वाटतं ना? आपली कथा फार वेगळी नाही. १९९० च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसा आला, वर्षाला ६५,००० ची मर्यादा घेऊन. वायटूकेच्या सुमारास मागणी वाढली आणि २००१ ते २००३ या वर्षांसाठी ती मर्यादा १,९५,००० झाली. पुढे ती पुन्हा ६५,००० वर आली, आणि इथे मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० वेगळ्या ठेवल्या गेल्या. या काळात कितीतरी मराठी तरुण बॅग घेऊन न्यू जर्सीत उतरले, चौघे-पाचजण एका अपार्टमेंटमध्ये राहिले आणि प्रोजेक्ट मिळेपर्यंत 'बेंच'वर बसले. बदली कामगाराचा गिरणीचा दरवाजा, तसा आमचा बेंच. फरक एवढाच की १९९८ च्या कायद्याने बेंचवरही पगार देणं मालकावर बंधनकारक केलं. तो सगळ्यांना वेळेवर मिळालाच, असं मात्र नाही!

आणि घोडा? तो मालकाचा. व्हिसाचा अर्ज कंपनी करते, म्हणून एच-वन-बीवरचा माणूस कितीही हुशार असला तरी बारगीरच. २००० सालच्या कायद्याने नव्या कंपनीचा अर्ज दाखल होताच तिकडे काम सुरू करायची मुभा दिली. म्हणजे एका पागेतून दुसऱ्या पागेत जाता येऊ लागलं, एवढंच. नोकरी गेली तर २०१७ पासून जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत आहे. मुलांची शाळा, घराचा हप्ता, परतीचं तिकीट, सगळा हिशेब त्या साठ दिवसांत बसवायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून आणायच्या नव्या लोकांच्या अर्जावर १ लाख डॉलर लावणारा आदेश निघाला, तेव्हा घोडा किती महाग होऊ शकतो हेही कळलं.

माझी आई फोनवर आजही विचारते, "पण नोकरी पर्मनंट आहे ना रे?" तिला काय सांगणार? न्यू जर्सीत बहुतेक नोकऱ्या 'ॲट विल'. करार किंवा कायदा आड येत नसेल तर मालक केव्हाही काढू शकतो आणि आपणही केव्हाही सोडू शकतो. गंमत म्हणजे 'पर्मनंट' हा शब्द इथे भेटतो तो ग्रीन कार्डाच्या वाटेवरच्या 'पर्म' अर्जात! आणि ते कार्ड हातात पडेपर्यंत आपल्यातल्या अनेकांचे केस पांढरे होतात.

आपली इथे जन्मलेली मुलं या बाबतीत सुदैवी आहेत. त्यांचा घोडा जन्मापासून त्यांचा. ती सहज म्हणतात, "आय गॉट हायर्ड," आणि दोन वर्षांनी तितक्याच सहज दुसरीकडे जातात. आपल्याला धस्स होतं, त्यांना नाही. त्यांना धरसोडीची म्हणून नावं ठेवण्याआधी आपण आठवावं की ती शिलेदार आहेत. मात्र शिलेदाराला आपला घोडा स्वतःच राखावा लागतो. नवं शिकत राहणं, गाठीला चार पैसे बाळगणं आणि अडचणीला धावतील अशी माणसं जोडणं, हाच त्याचा चारा. ही जोडलेली माणसं म्हणजेच 'नोकर' या शब्दाच्या मुळाशी असलेले साथीदार. लेऑफच्या बातमीनंतर पहिला फोन येतो तो बहुधा अशाच कोणाचा, "रेझ्युमे पाठव रे, बघतो आमच्याकडे." आपल्या मंडळातून असे फोन जात राहोत.