गुडघ्याचं खोटं ऑपरेशन

गुडघेदुखी म्हटलं की घरात दोनच सल्ले ऐकू येतात: तेल चोळा, नाहीतर गुडघा बदला. या दोन टोकांच्या मधे बराच इतिहास आहे.

१९१८ साली टोकियोत केन्जी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. १९६२ मध्ये त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतूनच गुडघ्यातल्या फाटक्या गादीचा तुकडा काढला. पुढे हे तंत्र जगभर पसरलं. झिजलेला गुडघाही धुवायचा, खरवडून साफ करायचा. पेशंट म्हणायचे, बरं वाटतंय. मग शंका कोण घेणार?

घेतली ह्यूस्टनच्या ब्रूस मोझली या सर्जननी. माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात त्यांनी १८० जणांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट केले. एका गटाचा गुडघा साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला. तिसऱ्याच्या फक्त कातडीला चिरा दिल्या, आत काहीच नाही! हे खोटं ऑपरेशन आपल्या वाट्याला येऊ शकतं, असं प्रत्येकाने आधी लिहून दिलं होतं. १४४ जणांनी तर नकारच दिला. निकाल २००२ मध्ये छापून आला: दोन वर्षांनंतरही तिन्ही गटांत वेदना सारखीच. म्हणजे बरं वाटत होतं, पण ते साफसफाईमुळे नव्हे.

मग उरलं काय? बरंच. पाय धनुष्यासारखा वाकून आतली बाजूच झिजली असेल, तर नडगीचं हाड कापून सरळ करतात आणि भार चांगल्या बाजूवर नेतात. झीज एकाच बाजूला असेल, तर तेवढाच भाग बदलता येतो. ऑक्सफर्डमध्ये हे १९८२ पासून करतायत. पण ही दोन्ही ऑपरेशनं सगळ्यांसाठी नाहीत.

सगळ्यांसाठी आहे ते अगदी साधं: मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन. २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की एक किलो वजन उतरलं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो.

म्हणून आईबाबांना कुणी 'दुर्बिणीने साफ करून घ्या' म्हटलं, तर एवढंच विचारा: डॉक्टर, नेमकं काय दुरुस्त होणार? हा प्रश्न विचारायचा हक्क त्या १८० जणांनी आपल्याला मिळवून दिलाय.