श्वेतबिंदू रोग (गोड्या पाण्यातील मासे)

श्वेतबिंदू रोग हा गोड्या पाण्यातील माशांना होणारा संसर्गजन्य परजीवी रोग आहे. हौशी मत्स्यपालकांमध्ये तो 'इक' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलीस हा एकपेशीय आदिजीव या रोगास कारणीभूत असतो. त्याचे वर्णन फूके यांनी १८७६ मध्ये केले. नावाचा अर्थ 'अनेक पिल्ले असणारी माशांची ऊ' असा होतो. हा जीव ऊ नसला, तरी 'अनेक पिल्ले' हे वर्णन मात्र अचूक आहे. रोहू, कटला यांसारख्या तळ्यातील माशांनाही हा रोग होतो. घरगुती मत्स्यालयात तो बहुधा दुकानातून आणलेल्या नव्या माशाबरोबर किंवा त्याच्या पाण्यातून येतो. माणसाला त्याची लागण होत नाही.

लक्षणे

अंगावर व परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात; प्रत्येक ठिपका साधारणतः एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान असतो. ठिपके दिसण्यापूर्वीच मासा दगडाला किंवा खडीला अंग घासू लागतो, पर मिटून घेतो आणि खाणे कमी करतो. संसर्ग कल्ल्यांत झाला असल्यास ठिपके न दिसताही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. अशा माशाच्या जिवाला अधिक धोका असतो.

प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे हा रोग नव्हे. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांवरील झाकणांवर आणि पुढच्या जोडीच्या परांच्या कडेवर पांढरे उंचवटे येतात. ते नैसर्गिक असून त्यांवर उपचार करू नयेत.

जीवनचक्र

उपचाराचे सारे गणित परजीवीच्या जीवनचक्रावर अवलंबून आहे. दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या बाह्य थराखाली राहून पोसला जाणारा परजीवी होय. या अवस्थेत माशाची त्वचाच त्याचे रक्षण करते आणि पाण्यात टाकलेली नेहमीची औषधे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पूर्ण वाढ झाल्यावर तो माशापासून सुटून तळाशी, काचेवर किंवा वनस्पतींवर चिकटतो, स्वतःभोवती कोश तयार करतो आणि आत विभाजन पावून शेकडो पिल्ले निर्माण करतो. ही पिल्ले पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. साधारणतः दोन दिवसांत तो न मिळाल्यास ती मरतात. औषध मुख्यतः या पोहणाऱ्या अवस्थेलाच मारते.

सुमारे २५ अंश सेल्सिअसला हे चक्र आठवड्याभराच्या आत पूर्ण होते, तर थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. म्हणून तीन-चार दिवसांत ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग गेला असे नव्हे. परजीवी तेवढ्यापुरता तळाशी गेलेला असतो. या टप्प्यावर औषध थांबवल्यास काही दिवसांनी पहिल्यापेक्षा मोठा प्रादुर्भाव होतो. घरगुती उपचार फसतात ते बहुतेक वेळा येथेच.

उपचार

एक मासा आजारी दिसला तरी उपचार संपूर्ण टाकीवर करावा लागतो. प्रथम सुमारे एक-चतुर्थांश पाणी बदलून तळाचा गाळ सायफनने काढतात. त्याबरोबर काही कोशही निघून जातात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकणे आवश्यक असते.

उष्णकटिबंधीय माशांसाठी हीटरने तापमान हळूहळू, एक-दोन दिवसांत, ३० अंशांच्या आसपास नेतात. त्यामुळे चक्र वेगाने पुढे सरकते आणि पुष्कळदा परजीवीची वाढ खुंटते. मात्र उष्णता सहन करणारे परजीवीही आढळले आहेत. २० अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना तो सुमारे ७.५ मिलिग्रॅमवर येतो. कल्ले आधीच दुखावलेले असल्याने हवा पंप सतत चालू ठेवणे अनिवार्य ठरते. थंड पाण्यातील गोल्डफिशला एवढी उष्णता दीर्घकाळ देणे इष्ट नाही.

साधे खडे मीठ प्रतिलिटर १ ते ३ ग्रॅम या प्रमाणात वापरले जाते. ६० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत ३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी असल्यास गणिताने ६३ लिटर येतात. खडी व दगड वजा जाता ते ५५ लिटर धरल्यास २ ग्रॅमच्या प्रमाणाने ११० ग्रॅम मीठ लागेल. ते वेगळ्या पाण्यात विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत टाकावे. मीठ पाण्याबरोबर उडून जात नाही. म्हणून बाष्पीभवनाची तूट साध्या पाण्याने भरावी आणि १५ लिटर पाणी बदलल्यास केवळ ३० ग्रॅम मीठ नव्याने घालावे. लोच व कॅटफिश यांना मीठ कमी सोसते आणि अनेक पाणवनस्पती त्याने कोमेजतात.

बाजारातील औषधांत मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मॅलिन किंवा तांब्याचे क्षार असतात. मात्रा वेष्टनावरील सूचनेनुसारच घ्यावी आणि दोन औषधे एकत्र करू नयेत. गाळणीतील सक्रिय कोळसा औषध शोषून घेत असल्याने तो काढून ठेवतात. तांबे गोगलगाई व कोळंब्यांना मारक असून मृदू पाण्यात माशांनाही घातक ठरते. तळाशी पांढरा साका बसलेले फॉर्मॅलिन वापरू नये, कारण तो साका माशांना अत्यंत विषारी असतो. मॅलाकाइट ग्रीन हाताळताना हातमोजे घालावेत; युरोपीय संघ व अमेरिकेत खाद्य माशांसाठी त्याचा वापर निषिद्ध आहे. प्रतिजैविके या परजीवीवर निरुपयोगी आहेत.

शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यानंतरही उपचार सुमारे आठवडाभर, थंड पाण्यात त्याहून अधिक काळ, चालू ठेवतात. त्या काळात खाद्य थोडेच द्यावे, कारण काही औषधांनी गाळणीतील उपयुक्त जीवाणू मरून अमोनिया वाढू शकतो.

प्रतिबंध

नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे, त्याच्या पिशवीतील पाणी मुख्य टाकीत न ओतणे आणि दोन्ही टाक्यांची जाळी वेगळी ठेवणे हे खात्रीचे उपाय आहेत. तापमानातील अचानक घट माशाची प्रतिकारशक्ती कमी करते. हीटर नसलेल्या टाक्यांत हिवाळ्यात हा धोका वाढतो. रोगातून वाचलेल्या माशांत काही काळ प्रतिकारक्षमता येते, परंतु असे मासे सौम्य संसर्ग बाळगून नव्या माशांना लागण करू शकतात.